शेवटच्या पानाची मागची बाजू

मोठ्या लेखकाचं घर जतन करायचं म्हणजे आधी त्यात राहण्यासारखं काही उरू द्यायचं नाही. खुर्चीला दोरी बांधायची, पलंगावर 'बसू नये' अशी पाटी ठेवायची, शेगडी आयुष्यात कधी नव्हती इतकी घासून चकचकीत करायची आणि दाराशी अभिप्रायाची वही ठेवायची. साहेबांच्या घरात हे सगळं रीतसर पार पाडणाऱ्या समितीचा मी नऊ वर्षं सभासद आहे. पलंगावरच्या पाटीचा मजकूर माझा. आधी तिथे 'कृपया बसू नये' असं होतं. साहेबांच्या लेखनात 'कृपया' हा शब्द कुठेही येत नाही असं मी बैठकीत दाखवून दिलं आणि तो काढायला लावला. विद्वत्तेचे असे बारीकसारीक उपयोग असतात.

साहेब म्हणजे आमच्या भाषेतले सर्वांत मोठे कादंबरीकार, असं मी तरी गेली तीस वर्षं शिकवत आलो आहे. त्यांना पहिल्यांदा साहेब म्हणाली ती माझी मावशी. ती त्यांची टंकलेखिका होती आणि एकोणीस वर्षं रोज सकाळी दहा ते दुपारी दोन त्यांच्या घरी जायची. पुढे प्रकाशक साहेब म्हणू लागला, मग वर्तमानपत्रं म्हणू लागली. शेवटी त्यांची बायकोही म्हणू लागली, पण तिच्या म्हणण्याचा सूर वेगळा होता.

घराचं संग्रहालय झाल्यापासून मावशी एकदाही तिथे आली नव्हती. मी दर वर्षी विचारायचो, आणि दर वर्षी तिचं काहीतरी निघायचं. कधी गुडघा, कधी नळवाला येणार असायचा, कधी कंटाळा. या वर्षी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी तिनं स्वतःहून फोन केला.

"प्रोफेसर, तुझं ते दुकान कधी दाखवतोस?"

ती मला लाडानं प्रोफेसर म्हणते. लाडानंच म्हणते असं मी धरून चालतो.

"दुकान काय गं, संग्रहालय आहे ते."

"तेच ते. तिकीट लावलंय ना? मग दुकान."

आम्ही मंगळवारी गेलो, कारण मंगळवारी शाळांच्या सहली नसतात. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात छत्री. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता. छत्री काठीसारखी वापरायची आणि काठी वापरत नाही असं सगळ्यांना सांगायचं, ही तिची पद्धत. दाराशी तिनं पायपुसण्यावर पाय पुसले, मग नवीन बसवलेल्या काचेच्या दाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इथे चपलांचं कपाट होतं."

"ते वाळवीनं खाल्लं होतं."

"वाळवी तेव्हाही होती. चपला राहायच्या तरी."

लिहिण्याच्या खोलीत आलो. साहेबांचं टेबल, टेबलावर त्यांचा चष्मा, रिकामी दौत आणि मधोमध टाइपरायटर. वरून पिवळा दिवा सोडलेला. खाली पितळी पट्टी: 'याच यंत्रावर लेखकाच्या अजरामर कृती साकारल्या.' मजकूर माझा नव्हता, पण मंजुरी मीच दिली होती.

मावशी दोरीपाशी थांबली. छत्री टेकून टाइपरायटरकडे बघत राहिली. मला वाटलं, गहिवरली. मीही गहिवरायच्या बेतात होतो.

"हे माझं मशीन आहे," ती म्हणाली.

"तुझं म्हणजे?"

"माझं म्हणजे माझं. साहेबांना रिबन बदलता येत नव्हती रे. एकदा प्रयत्न केला तर दोन दिवस कान काळे होते. हे तिकडे असायचं, मागच्या खोलीत, खिडकीखाली. या टेबलावर ते कधी येऊच द्यायचे नाहीत, आवाजानं डोकं उठतं म्हणायचे. वेलांटीची कळ बघ, अजून खाली बसलीय. दोनदा मारावी लागायची."

मी पट्टीकडे पाहिलं. पट्टी चांगली चार स्क्रूंनी बसवलेली होती.

"बदलून घेऊ आपण," मी म्हणालो.

"कशाला? लोक बघून जाताहेत, खूश आहेत." आणि ती पुढे गेली.

पुढे म्हणजे काचपेटीपाशी. इथे जरा सांगायला हवं, कारण घरातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू ती आहे आणि माझा चरितार्थही तिच्यावर चालतो.

साहेबांची सर्वांत गाजलेली कादंबरी एका कुलुपं दुरुस्त करणाऱ्या बापाची आणि भांडून घर सोडून गेलेल्या त्याच्या मुलीची आहे. सतरा वर्षांनी मुलगी परत येते. संध्याकाळ असते, आत दिवा असतो, आतून कानशीचा आवाज येत असतो. शेवटचं वाक्य आहे: 'तिनं दारावर थाप मारायला हात उचलला.' संपलं. थाप पडते की नाही, दार उघडतं की नाही, बाप काय म्हणतो, काही नाही. आमच्या भाषेत असा शेवट त्याआधी कुणी केला नव्हता. वाचकांत दोन तट पडले. कॉलेजांत वादविवाद झाले. एका गावी तर 'दार उघडते' आणि 'दार उघडत नाही' अशा दोन मंडळांचं एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं.

मी तिसऱ्या तटाचा. दार उघडतं की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, खरी कृती म्हणजे हात उचलणं, असं मी माझ्या प्रबंधात सिद्ध केलं. 'उचललेला हात: अपूर्णतेचे सौंदर्यशास्त्र', तीनशे बारा पानं. त्यावर मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, समितीचं सभासदत्व मिळालं आणि विद्यार्थ्यांकडून 'हातवाले सर' हे नाव मिळालं. प्रबंधाच्या सुरुवातीला मी साहेबांचाच एक उद्गार दिला आहे. एका सत्कारात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "असा शेवट करायचं धाडस तुमच्यात कुठून आलं?" साहेब म्हणाले होते, "धाडस कसलं, कागद संपला होता." सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला होता. या वाक्यावर, म्हणजे कागदाचं संपणं आणि मानवी आयुष्याचं अपुरेपण यांच्या नात्यावर, माझी बावीस पानं आहेत.

तो प्रबंध मावशीनंच टाइप केला होता. तीनशे बाराव्या पानावर 'समाप्त' टाइप करून ती म्हणाली होती, "फार अभ्यास केलास रे." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली होती. मला ते कौतुक वाटलं.

तर काचपेटीत त्या कादंबरीच्या हस्तलिखिताचं शेवटचं पान ठेवलेलं आहे. जाड पिवळट कागद, साहेबांचं बारीक तिरकं अक्षर, अगदी तळाशी शेवटची ओळ, तिच्यापुढे ठसठशीत पूर्णविराम. मावशीनं पर्समधून चष्मा काढला, तो नव्या डोळ्याला जुळत नव्हता म्हणून परत ठेवला आणि काचेवर नाक टेकेल इतकी वाकली.

"हे उलटं करता येतं का?" तिनं विचारलं.

"उलटं म्हणजे?"

"पालथं. मागची बाजू बघायचीय."

"मागे काय असणार? साहेब एकाच बाजूला लिहायचे." हे मी फार लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि तिच्याकडूनच.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

मग तिनं सांगितलं. काचेकडे बघतच, एखाद्या पत्राचा मजकूर सांगावा तशा आवाजात.

साहेब कागदाच्या एकाच बाजूला लिहीत. जाड कागद, कारण बोरूसारखी दाबून लिहायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की मागे कधी बघायचं नाही, मागे काही नसतं. ती ढिगावरचा कागद उचलायची, स्टँडला लावायची, टाइप झाला की सुलटाच ढिगाच्या तळाशी सरकवायची. इतकी वर्षं बोटं तशीच चालली. त्या कादंबरीचं शेवटचं पान तिनं टाइप केलं, ते तळाशी पूर्णविरामापाशी संपलं, आणि तिनं खाली 'समाप्त' मारलं. 'समाप्त' साहेब कधी लिहीत नसत, तो शब्द प्रत्येक पुस्तकात तिचा असायचा. प्रुफं तिनं हस्तलिखिताशी ताडून पाहिली. अक्षर न अक्षर बरोबर होतं. पुस्तक छापून झाल्यावर ती गठ्ठा परत द्यायला गेली. साहेबांनी गठ्ठा हातात घेतला, कडा सारख्या करायला टेबलावर उभा आपटला. ती समोर उभी होती आणि शेवटच्या पानाची पाठ तिच्याकडे होती.

"अकरा ओळी होत्या. मोजून अकरा. आमची नजर आधी मोजते, मग वाचते. वाचायच्या आत त्यांनी गठ्ठ्याला दोरी बांधली आणि कपाटात टाकला."

"म्हणजे..."

"म्हणजे कागद संपला होता, प्रोफेसर. खरंच संपला होता. दुकान बंद असेल, नाहीतर आणायचा विसरले असतील. म्हणून मागे लिहिलं."

मी काचपेटीच्या कडेला हात टेकला. 'हात लावू नये' ही पाटीही माझीच.

"तू बोलली का नाहीस?"

"पुस्तक त्याच आठवड्यात दुकानात आलं होतं. हजार प्रती. तुझा धाकटा मामा तेव्हा कॉलेजात होता, घरात कमावणारी मी एकटी. म्हटलं, सोमवारी सांगू. सोमवारी पहिलं परीक्षण आलं. शेवटावर सगळा एक रकाना. साहेब खूश. मग दुसरं आलं. साहेब आपलं छापलेलं पुस्तक कधी उघडत नसत, परीक्षणंही स्वतः वाचत नसत, जेवलेलं ताट परत कशाला बघायचं म्हणायचे. लोक शेवट शेवट म्हणत होते, त्यांना वाटायचं आपण लिहिलेल्या अकरा ओळींचंच कौतुक चाललंय. त्यात मी काय सांगणार? पुढच्या दोन पुस्तकांच्या वेळी मी प्रत्येक पान उलटून बघायचे. ते विचारायचे, मागे काय शोधतेस? मी म्हणायचे, डाग." ती थोडी थांबली. "त्यांच्या आजारात एकदा सांगायचंच म्हणून मी गेले होते. झोपले होते. नर्स म्हणाली, संध्याकाळी या. संध्याकाळी मी गेले नाही."

"आणि माझा प्रबंध? तीनशे बारा पानं टाइप केलीस तू!"

"तू इतका उत्साहात होतास."

एवढं म्हणून तिनं पुन्हा काचेत पाहिलं. "मला दुसरं काही नको. त्या अकरा ओळी वाचायच्यात. दुसरा डोळा कसा निघेल माहीत नाही. तू इथला मोठा माणूस आहेस, तुझं ऐकतील. उघडायला सांग."

संग्रहालयाचा व्यवस्थापक माझाच जुना विद्यार्थी. पन्नाशीकडे झुकलाय, पण मला पाहिलं की अजून तोंडी परीक्षेला उभा राहिल्यासारखा राहतो. मावशीला खिडकीपाशी बाकावर बसवून मी त्याला दाराबाहेर गाठला. गाठला म्हणण्यापेक्षा तोच आला.

"सर, आजींना काही हवंय का? पाणी, चहा?"

"नाही, त्यांना ते शेवटचं पान जरा... मागून बघायचं होतं म्हणे. म्हातारं माणूस."

"एवढंच ना सर? किल्ली माझ्या खिशातच आहे. दोन मिनिटांचं काम." आणि त्यानं किल्ली काढलीसुद्धा.

पुढच्या क्षणात जे झालं त्याला मी पुष्कळ नावं देऊन पाहिली. माझ्या ग्रंथाची चौथी आवृत्ती छापखान्यात होती हे खरं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि 'उचललेला हात' या नावानं एक व्याख्यानमाला सुरू व्हायची होती हेही खरं. पण यांतलं काहीच त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त ती मुलगी होती, दाराशी हात उचलून उभी. तीस वर्षं मी तिला तशीच उभी ठेवली होती. ती आत गेली तर मी कुठे जाणार?

"नको," मी म्हणालो.

"नको?"

"नियम आहे ना. मूळ वस्तूंना समितीच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही."

"सर, तो नियम तुम्हीच केलाय," तो अजिजीनं म्हणाला. "तुम्हाला कोण विचारणार? आजी मुद्दाम आल्यात, मी आत्ता..."

"मग तर मीच पाळला पाहिजे." हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की त्याच्या चेहऱ्यावर आदर दिसला. किल्ली खिशात परत गेली.

मी आत येऊन मावशीला सांगितलं, "लेखी परवानगी लागते म्हणतोय. मी अर्ज टाकतो."

"किती दिवस लागतात?"

"महिनाभर."

"बरं," ती म्हणाली. उठली, छत्री टेकत बाहेर आली, आणि पायरीवर बसून सावकाश, फार सावकाश चपला घालत राहिली. एक पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मी रिक्षा बघत होतो.

महिन्याचे चार महिने झाले. मावशी रविवारी सकाळी फोन करायची. आधी माझ्या बायकोची चौकशी, मग मुलाच्या नोकरीची, मग माझ्या पोटाची. मग, जसं काही आत्ताच आठवलं असं, "ती परवानगी आली का रे?" मी म्हणायचो, "प्रक्रिया चालू आहे." तीस वर्षं महाविद्यालयात काढलेल्या माणसाला हे वाक्य झोपेतही म्हणता येतं. प्रक्रिया म्हणजे मी अर्ज लिहिलेला नव्हता.

याच काळात संग्रहालयाकडून एक परिपत्रक आलं. सात विषय, प्रत्येकापुढे 'मंजूर' आणि 'नामंजूर' असे चौकोन. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर पडलेला होता. मी सातही 'मंजूर'वर खुणा केल्या, सही केली आणि शिपायाच्या हाती परत धाडलं. असे कागद मी नऊ वर्षं याच पद्धतीनं वाचत आलो आहे.

एका रविवारी मावशी म्हणाली, "डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख दिलीय. बुधवार. त्याच्या आधी झालं तर बरं होईल. आत्ता या डोळ्याला छान दिसतंय."

तिनं 'छान दिसतंय' म्हटलं आणि माझ्या आत काहीतरी खाली बसलं. सोमवारी पहिला तास बुडवून मी संग्रहालयात गेलो. व्यवस्थापक दाढी करून नुकताच येत होता.

"पेटी उघड," मी म्हणालो. "लेखी परवानगी मी देतो. आत्ता, तुझ्याच टेबलावर बसून."

"उघडतो की सर." त्यानं उघडली, दोन्ही हातांनी पान बाहेर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पान ताठ उभं राहिलं. वाकेना. मी ते उलटं केलं. मागे करड्या रंगाचा स्वच्छ पुठ्ठा होता.

"हे काय आहे?"

"सर, विषय क्रमांक पाच. सुटी पानं आत वळत होती ना, म्हणून जाड पुठ्ठ्यावर कायमची चिकटवायची असं ठरलं." तो जरा अडखळला. "तुमची सही पहिली आली होती सर. बाकीच्यांनी तुमची बघून केली."

"सोडवता येईल का?"

"फ्रेमवाल्याला मी तेव्हाच विचारलं होतं, बरं का सर. तो म्हणाला, दहा वर्षं हलणार नाही, गॅरंटी. ओलं केलं तर सुटेल, पण शाई साधी आहे, पुढचंही जाईल." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चिकटवताना मी नव्हतो, आणि फ्रेमवाल्याला आपली लिपी येत नाही. मागे काही होतं का सर?"

मी पान खिडकीच्या उजेडात धरलं. पुठ्ठा चांगला होता. उजेड कुठूनही आला नाही.

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी अकरा ओळी लिहिल्या. साहेबांचा एवढा अभ्यास असलेला माणूस पृथ्वीवर दुसरा नाही, हे मी निवड समित्यांपुढे अनेकदा सांगितलं आहे. त्यांची वाक्यं लहान. क्रियापद शेवटी. विशेषण क्वचित. मुलीनं थाप मारली. आतली कानस थांबली. बापानं दार उघडलं, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, कुलूप बदललंय मी, जुनी किल्ली चालली नसती. हे मला स्वतःलाच इतकं आवडलं की क्षणभर वाटलं, हेच असणार. मी ते साध्या कागदावर उतरवलं आणि मंगळवारी मावशीकडे गेलो.

ती खुर्चीत बसली होती. तिच्यापुढे स्टूल, स्टुलावर उद्याच्या ऑपरेशनचे कागद.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. मला उतरवून घेऊ दिलं. वाचून दाखवतो."

"थांब." तिनं स्टुलावरचे कागद बाजूला केले, पदर नीट केला आणि दोन्ही हातांची बोटं स्टुलाच्या कडेवर ठेवली. "हं."

मी वाचू लागलो. तिची बोटं हलत होती, लाकडावर, अगदी हलकी. माझ्या वाक्याच्या अर्ध्या शब्दानं मागे, जशी साहेबांच्या ओळींमागे हलत असतील. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीत बोटं थांबली. मी पुढे वाचत राहिलो. अकरावी संपली तेव्हा तिचे हात मांडीवर होते.

"छान आहे," ती म्हणाली. "किल्लीचं तर फारच छान आहे. तुझं आहे ना?"

मी कागद खाली घेतला.

"त्यांचं वाक्य असं बोटांना लागत नाही रे. ते मध्येच वळायचे, मग आपल्याला वळावं लागायचं. तुझं सरळ जातं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणाचं इंग्रजी दुरुस्त करावं तसं ती बोलत होती. "मूळ कुठाय?"

मग मी सांगितलं. पुठ्ठा, डिंक, विषय क्रमांक पाच, माझी सही. सगळं सांगून झाल्यावर दम घेतला आणि पहिल्या दिवसाचंही सांगितलं. किल्ली त्याच्या खिशात होती, तो उघडत होता, मी नको म्हटलं.

"ते माहीत आहे मला."

"कसं?"

"मी खिडकीपाशी बसले होते. तुम्ही खिडकीच्या बाहेर उभे होतात. माझे डोळे गेलेत, कान नाही."

"मग तेव्हाच बोलायचं ना! भांडायचं, मावशी! दोन शिव्या घालायच्या, मी उघडायला लावलं असतं!"

"मला वाटलं, तू परत आत जाशील," ती म्हणाली. "बाहेर आल्यावरसुद्धा मी बराच वेळ काढला. म्हटलं, आत्ता म्हणेल, थांब मावशी, एक मिनिट." तिनं ऑपरेशनचे कागद पुन्हा स्टुलावर नीट मांडले. "गप्प बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एकदा बसलं की रोज बसावं लागतं. तुला काय बोलणार?"

 वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं.

"निदान पाटी तरी लावा," ती शेवटी म्हणाली. "तू पाट्या चांगल्या लिहितोस. लिहून घे."

मी कागद पालथा केला, म्हणजे माझ्या अकरा ओळी खाली गेल्या, आणि कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. ती सांगत होती आणि स्वल्पविरामही सांगत होती. 'या पानाच्या मागच्या बाजूला कादंबरीचा खरा शेवट, अकरा ओळींचा, लिहिलेला आहे. तो टंकलेखिकेच्या चुकीने छापायचा राहिला. लेखकास हे माहीत नव्हते. टंकलेखिकेने ते त्यांना सांगितले नाही.' एवढं झाल्यावर ती थांबली. मला वाटलं, संपलं.

"पुढे लिही. 'त्या ओळी आता वाचता येत नाहीत.' आणि का वाचता येत नाहीत ते तू तुझ्या शब्दांत घाल."

समितीच्या बैठकीत मी तो कागद वाचला.  मग अध्यक्ष म्हणाले, "अद्भुत! काय कल्पना आहे! अपूर्णतेच्या मागे आणखी एक अपूर्णता!" ही कल्पना नाही, घडलेली गोष्ट आहे, हे पटवायला मला सव्वा तास लागला. पटल्यावर ते जरा हिरमुसले. पाटी मात्र मंजूर झाली, कारण व्यवस्थापकाच्या मते तिनं गर्दी वाढणार होती. वाढलीही. आता लोक पानापुढे पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात, मान वाकडी करून पुठ्ठ्याच्या कडेतून आत बघायचा प्रयत्न करतात. 'दार उघडते' मंडळाला नवे सभासद मिळालेत. माझी चौथी आवृत्ती ठरल्याप्रमाणे बाहेर पडली. प्रस्तावनेत बदल करायला वेळ नव्हता, असं मी प्रकाशकाला कळवलं होतं.

मावशीचा दुसरा डोळा बरा निघाला नाही. पुढे पहिलाही मंदावला, आता त्यानं तिला माणसं दिसतात, अक्षरं नाहीत. पाटी लागल्यावर मी तिला दोनदा विचारलं, चल, बघून येऊ. दोन्ही वेळा ती म्हणाली, "आता काय बघायचंय त्यात?" तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. तिनंच एका रविवारी फोनवर म्हटलं, "काय लिहिलंत ते वाचून तरी दाखव."

मी वाचलं. मागच्या बाजूला अकरा ओळी, टंकलेखिकेची चूक, लेखकास माहीत नव्हते, तिने सांगितले नाही, त्या ओळी आता वाचता येत नाहीत.

ती ऐकत राहिली. मी फोन कानाला धरून उभा होतो.

"आणि का वाचता येत नाहीत ते?" तिनं विचारलं.

"पाटी लहान आहे, मावशी," मी म्हणालो. "जागा नव्हती."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या पोटाची चौकशी केली.